मुठोबाची सरासरी

“बाबा, मुठोबाचा एक ठोसा काढतेय,” सून म्हणाली आणि वहीतल्या चारावर काट मारून तिने शेजारी तीन लिहिले. बाकी काही झालं नाही. चहा तसाच वाफाळत होता. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली कुणाची तरी चादर फडफडताना दिसत होती. बायको बिस्किटाचा तुकडा चहात बुडवून तो गळून पडायच्या आत तोंडात टाकायच्या तिच्या जुन्या शर्यतीत गुंतली होती. पण माझ्या उजव्या हाताची करंगळी आपोआप आत वळली. चौऱ्याहत्तर वर्षांत माझं पुष्कळ काही काढून झालं आहे. दोन दाढा, पित्ताशय, आणि एकदा तर बंद पडलेल्या लिफ्टच्या छतातून मला स्वतःलाच ओढून काढलं होतं. काढणाऱ्यांनी माझ्याकडून दोन गोष्टी ऐकल्याशिवाय मला घरी सोडलं नव्हतं. तेव्हा काही वाटलं नाही. एक ठोसा काढतेय म्हटल्यावर मात्र वाटलं, कारण टेबलाभोवतीच्या चौघांत ती चुकतेय हे मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि का चुकतेय तेही. निदान तेव्हा मी तसं समजत होतो.

मुठोबा म्हणजे मी. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर आमचं दुसरं जग मांडलं जातं. मांडलं म्हणजे काय, कागद, पेन्सिली आणि फासे. बाकी सगळं बोलण्यात. सून सूत्रधार. ती सांगते, समोर खंदक आहे, पलीकडे तीन डोक्यांचा रेडा फुरफुरतोय, काय करता? आपण म्हणायचं, उडी मारतो, आणि उडी जमली का हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. अकरा किंवा वर पडले तर जमली, खाली पडले तर तुम्ही खंदकात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते वर्षानुवर्षं सांभाळायचं, आणि मेलं की मेलं. माझी बायको जन्मभर टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ‘कृपया थांबा’ असं मधासारख्या आवाजात म्हणत आली. ती इथे कुऱ्हाडवाली आहे, कुणाला थांबा म्हणत नाही, सरळ घालते. खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला, माझ्या मुलाचा दोस्त, आठवडाभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलतो आणि रविवारी पाच हात लांब तलवार फिरवतो. माझा मुलगा खेळत नाही. तो म्हणतो, घरात एक खोटं बोलणारा पुरे. आणि मी मुठोबा. हत्यार नाही, ढाल नाही, चिलखत नाही. रिकामे हात. एका डावात चार ठोसे.

हा खेळ सुनेने स्वतः रचलेला आहे. बाजारात असे खेळ मिळतात, पण तिला ते पटले नाहीत. आता त्याचं पुस्तक होणार होतं, पानं मंगळवारी छापखान्यात जायची होती, आणि म्हणून ती त्या रविवारी पेन घेऊन प्रत्येक पात्राचं वजन शेवटचं तोलत बसली होती. तलवारवाल्यापेक्षा कुऱ्हाडवाली फार भारी नको, आणि दोघांपेक्षा रिकाम्या हाताचा तर नकोच. हा रिकाम्या हाताचा माणूस म्हणजे असल्या खेळ रचणाऱ्यांची जुनी डोकेदुखी. तलवारवाल्याला गुहेत चांगली तलवार सापडते, कुऱ्हाडवालीला धार लावून मिळते. याला काय सापडणार, चांगले हात? त्याला ठोसे वाढवून द्यावेत तर तो कैदखान्यात, आंघोळीच्या घाटावर, जिथे बाकीचे हत्यारावाचून बसलेत तिथे राजा होतो. कमी द्यावेत तर चिलखतवाला समोर आला की त्याचं भजं. चिलखत प्रत्येक घावातून दोन गुण खातं. कुऱ्हाडीचा एकच मोठा घाव, त्यातून दोन गेले तर तिला पत्ता लागत नाही. ठोसा मुळात लहान, एक ते चार गुणांचा. चार ठोशांतून प्रत्येकी दोन गेले की उरतं काय, तर समोरच्याला आलेली गुदगुली. हे सगळं सुनेला पाठ होतं. तरीही वहीप्रमाणे मुठोबा सगळ्यांहून जड भरत होता. दहातले आठ ठोसे लागत होते. बाकीच्यांचे दहातले पाच.

वहीत तसं होतं त्याला कारण मी, आणि थोडं कारण पत्र्याचे डबे. अगदी सुरुवातीला फासे टेबलावर टाकायचो. टेबलाचा एक पाय आखूड, फासे घरंगळत चहात जायचे. एकदा घड्याळवाल्याचा फासा बशीला टेकून तिरका राहिला, तो वीस की दोन यावरून त्याचं आणि माझ्या बायकोचं असं वाजलं की तीन रविवार तो जिन्यात तिला नमस्कार करायचा आणि ही भिंतीकडे बघायची. मग मी प्लास्टरच्या पट्ट्यांचे रिकामे डबे आणले, निवृत्त होताना मागून घेतलेले. ज्याने त्याने आपल्या डब्यात फासा टाकायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याच्या डब्यात बघायचं नाही. बघणं म्हणजे अविश्वास. हा आमच्या घरचा नियम झाला, आणि असा नियम कुणासमोर केला तर माझ्यासमोर! डब्यांच्या पहिल्याच रविवारी मुठोबा झुलत्या पुलावर उभा होता, समोरून भालेवाला आला. मी म्हटलं, “भाला हवेत पकडतो, आणि त्याच भाल्याने त्याला खाली लोटतो.” सगळ्यांनी माना वर केल्या. हिचं बिस्कीट हवेत थांबलं. फासा डब्यात खडखडला आणि पडले तीन. आता तुम्हीच सांगा, असलं वाक्य बोलून झाल्यावर माणसाने तीन म्हणायचे? गोष्ट तोंडात आलेली असताना ती परत गिळण्याची जी चव असते, ती मला कधी सोसलेली नाही. मी म्हटलं, “सतरा.” आणि टेबलाभोवती जो श्वास सुटला, तो मी अजून कानात धरून आहे.

मी कच्चा नाही. दर वेळी सतरा म्हणत नव्हतो. दोनदा खरं, एकदा फुगवलेलं, आणि हुकायचो तेसुद्धा निवडून, जिथे हुकण्याला शोभा येईल तिथे. राणीसमोर अडखळून पडलो, पण राक्षसासमोर कधी नाही. अशी अकरा वर्षं. फासा पाडतो तो आकडा आणि गोष्टीला हवा असतो तो आकडा यांच्यामध्ये मी उभा राहिलो, तिथे हवाही चांगली येते. सुनेला हे कळायला हवं होतं, कारण ती मोजणारी बाई आहे. विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात तिची नोकरी आहे. एका लांब खोलीत शेकडो दिवे पेटवून ठेवतात आणि कुठला किती तासांनी जातो ते ती टिपते. पेटलेला असेल तर उभी रेघ, गेला तर फुली. आणि तीच सवय घेऊन ती घरी आली. अकरा वर्षं तिने माझा प्रत्येक ठोसा टिपला, पण आकडा टिपला नाही. लागला, उभी रेघ. हुकला, फुली. आकडे टिपले असते तर वीस बाजूंच्या फाशाची सरासरी साडेदहाच्या आसपास हवी, ती माझी चौदाला पोचलेली बघून तिने सहाव्या महिन्यातच मला पकडलं असतं. तिला दिसल्या त्या नुसत्या उभ्या रेघा. म्हणून तिचा संशय माझ्यावर न जाता मुठोबावर गेला.

“बरं केलंत वहिनी,” घड्याळवाला म्हणाला. “तलवारीसाठी मी तीन गुहा फिरलो, एक बोट गेलं माझं. आणि काका आपले खिशातून हात काढतात की झालं.”

“हात खिशात नसतात रे त्याचे,” मी म्हटलं. “खिसाच नाही त्याला.” हसले सगळे. मीही हसलो. तीन तर तीन, असं मनात म्हटलंसुद्धा. मला काय फरक पडणार होता? मला ती दोन ठोसे देती, तरी मी राक्षस लोळवले असते. फासा माझ्या डब्यात, जीभ माझ्या तोंडात. मुठोबा कधीच मरणार नव्हता.

पण मग तिने पत्र वाचलं. पुस्तकाची कच्ची पानं तिने दुसऱ्या गावच्या एका ग्रंथालयात जमणाऱ्या मंडळींना खेळून बघायला धाडली होती. तिथल्या टपालखात्यातल्या एका बाईने लिहिलं होतं, आणि सून ते जाता जाता वाचून दाखवत होती, कशात काय बदललं ते सांगायला. “आमच्यात तिघांनी रिकामे हात घेतले. तिघंही पहिल्याच वेशीवर गेले. मी दुसऱ्यांदा घेतले, परत गेले. खेळ छान आहे, आमचंच काहीतरी चुकत असेल.” सुनेने कागद घडी करून वहीत सारला. “नवीन आहेत,” ती म्हणाली, “सवयीने जमेल. बाबांचा बघा ना कसा चालतो.”

आमचंच काहीतरी चुकत असेल. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, याच चालीत. मी चौतीस वर्षं हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम केलं. डॉक्टर हाड बसवून जायचा, पुढचं सगळं माझं. ओली पट्टी गुंडाळली की चार-पाच मिनिटांत ती आतून गरम होत जाते, माणूस दचकतो, आणि मग ती ऊब त्याला आवडायला लागते. तेवढ्या वेळात लोक मला काय वाटेल ते सांगत. मूठ मारून हात मोडलेले तर रोज. करंगळीच्या मागचं हाड ज्या तऱ्हेने मोडतं, ती तऱ्हा मी दारातून ओळखायचो: मूठ आवळायची आणि आपल्याहून टणक गोष्टीवर मारायची. एकानेही मूठ मारली म्हणून सांगितलं नाही. सगळे पडले होते. कुणी जिन्यावरून, कुणी पलंगावरून, एक गृहस्थ तर म्हणे सतरंजीवरून. थापा मारायला मी त्या खोलीतच शिकलो. हातात सत्तावीस हाडं असतात, आणि त्यातलं एकही भिंतीसाठी केलेलं नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तरी मी खेळायला घेतला तो मुठोबा.

तर तो एक सुतार होता. मनगट मोडलेलं, दुपारी मी प्लास्टर घातलं. घाईत होतो, जरा घट्ट ओढलं. संध्याकाळी माझी पाळी संपताना तो बाकावरच बसलेला, बोटं फुगलेली. म्हणाला, “दुखतंय जास्तच. माझंच काहीतरी चुकत असेल, मी हात हलवला असेन.” मी त्याचं नख दाबून सोडलं. सोडल्यावर रंग परत यायला हवा, लगेच. तो आला नाही. मी मनात तीन मोजले, पाच मोजले, आणि मग हळूच आला, आल्यासारखा. मला कळलं होतं. मला अगदी स्वच्छ कळलं होतं की हे आत्ता कापायला हवं, आणि कापायचं म्हणजे सगळ्यांसमोर म्हणायचं की मी घट्ट घातलं. मी म्हटलं, “हाड मोडलंय दादा, दुखणारच,” आणि जेवणाचा डबा उचलून घरी गेलो. सकाळच्या माणसाने कापलं. दोन बोटं कायमची ताठ राहिली. पटाशी धरता येईना त्याला. मला कुणी विचारलं नाही. कागदावर माझ्याच अक्षरात होतं, प्लास्टर व्यवस्थित. कापलं त्या दिवशी दुपारी प्लास्टरखोलीत कुणी नसताना मी पट्ट्यांच्या लोखंडी कपाटावर मूठ मारली, एकदाच. मोडली. डाव्या हाताने माझं मीच प्लास्टर घातलं, चांगलं सैल, आणि घरी येऊन हिला सांगितलं, औषधांची ट्रॉली हातावर आली. ट्रॉलीचं चाक कसं निसटलं, नर्स कशी किंचाळली, सगळं साग्रसंगीत. ही म्हणाली, “हळू काम करत जा.”

मुठोबाने अकरा वर्षं किती भिंती, किती दरवाजे, किती राक्षसांच्या कवट्या फोडल्या त्याला गणती नाही. त्याचं एक हाड मोडलं नाही. मला वाटायचं मी गंमत करतोय. त्या रविवारी टेबलाशी बसून डब्याच्या गार कडेवर अंगठा फिरवत होतो तेव्हा दिसलं, की दर रविवारी मी त्या कपाटासमोर परत जाऊन उभा राहत होतो, आणि दर रविवारी कपाट फुटत होतं. बरं, फुटू दे. म्हाताऱ्या माणसाची एवढी चैन चालते. पण आता मंगळवारी ही पानं छापली जाणार होती. कुठल्या कुठल्या गावचे लोक, टपालखात्यातल्या बायका, पुस्तकातल्या मुठोबाच्या गोष्टी वाचून रिकामे हात घेणार होते, आधीच दुबळे असलेले, त्यातलाही एक ठोसा माझ्यामुळे कापलेला, आणि पहिल्या वेशीवर मरून म्हणणार होते, आमचंच चुकत असेल. खोलीत ऊन होतं, चादर फडफडत होती, आणि मला कुणाचं तरी नख दाबून धरल्यासारखं वाटत होतं. बोललो तर पूल, रेडा, राणी, अकरा वर्षांचा सुटलेला श्वास, सगळं गेलं. मी फार वेळ विचार केला असं सांगता येईल, पण तेवढी थाप नको. चहाचा एक घोट घेतला, बस्स.

“थांब गं,” मी म्हटलं. “तो जड नाहीये. हलका आहे. मी आकडे फुगवत होतो.”

घड्याळवाल्याने आधी हिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि खो खो हसत सुटला. “काका, आता काय नवीन?”

“नवीन काही नाही. तीन पडले की सतरा म्हणायचो. डबे आले त्या दिवसापासून.”

“आणि जिराफ?”

“कुठला जिराफ?”

“सर्कशीतला. तुम्ही शिडी लावून मानेला प्लास्टर घातलेला. सहा बादल्या लागल्या म्हणे.”

“त्याचा काय संबंध? आणि आठ बादल्या.”

“बघा,” तो सुनेला म्हणाला, “असं असतं.”

सून हसत नव्हती. तिने पेन खाली ठेवलं होतं, पण डोळ्यांत सुनांचा सासऱ्यांसाठी असतो तसला समजूतदारपणा होता, जो मला कुठल्याही राक्षसापेक्षा भारी पडतो. “बाबा, एक ठोसा वाचवायला एवढं कशाला? तीन ठोशांतही तुम्ही छान खेळाल. मला माहितेय मुठोबा तुमचा जीव की प्राण आहे.”

हे मी धरून चाललो नव्हतो. लाज वाटेल, रागावतील, घड्याळवाला परत तीन रविवार यायचा नाही, हे सगळं धरलं होतं. माझ्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही हे सुचलं नव्हतं. जन्मभर थापा पचवल्या यांनी, आणि एक खरा घास घशात अडकला. मी बायकोकडे वळलो. “अगं, तू तरी सांग.”

“मी काय सांगू?” ती बशीतले बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत म्हणाली. “दुसऱ्याच्या डब्यात बघायचं नाही असा नियम आहे.” मग कण तोंडात टाकून, चष्मा नाकावर चढवून म्हणाली, “अहो, पण उघड्यावर टाका ना. कोण नको म्हणतंय?”

मी डबा बाजूला सारला. आखूड पायाखाली घड्याळवाल्याने वहीचा पुठ्ठा दुमडून घातला. त्या दिवशीच्या गोष्टीत आम्ही एका किल्ल्याच्या वेशीवर पोचलो होतो. पहारेकरी एकच, गंजक्या चिलखतातला, झोपाळू. मी म्हटलं, “मुठोबा एकटा पुढे जातो, जुन्या चार ठोशांनिशी.” फासा टेबलावर कसा आवाज करतो हे मी विसरलोच होतो. डब्यातल्यासारखा खडखडत नाही, टकटक करत जातो, दारावर कुणी आल्यासारखा. सहा. हुकला. चार. हुकला. बारा, लागला, ठोसा दोनचा, चिलखताने दोन्ही खाल्ले. एकोणीस! लागला, तिनाचा, एक उरला. पहारेकऱ्याला एक ओरखडा. मग पहारेकऱ्याने भाला उचलला. पाचव्या डावाला घड्याळवाल्याचं हसणं थांबलं होतं. सातव्या डावाला सून हळूच म्हणाली, “बाबा, मागे फिरा. मी पळू देते.” मी म्हटलं, “नाही, मोज.” आठव्या डावाला मुठोबा वेशीच्या पायरीवर बसला, भिंतीला टेकला. मी काही रंगवलं नाही. भाला बरगडीखाली गेला, एवढंच सांगितलं. अकरा वर्षांचा गडी एका झोपाळू माणसाने मारला. माझ्या छातीत काहीतरी रिकामं झालं, आणि खरं सांगतो, त्या रिकाम्या जागेत बरं वाटलं. सैल वाटलं.

सून वहीची पानं मागे उलटत होती, उभ्या रेघा, उभ्या रेघा, शेतातल्या धाटांसारख्या. “हा एक झाला,” ती शेवटी म्हणाली. “एका दिव्यावरून काही ठरत नाही.” आणि दिव्यांच्या बाईने नवं पान काढून वर लिहिलं: आकडे. रेघा नाहीत, आकडे. मग दुपार उतरेपर्यंत मी त्याच वेशीवर मुठोबाच्या नकला पाठवत राहिलो, एकामागून एक. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा घड्याळवाल्याने डोकं धरलं. पाचव्यांदा मला राहवेना, मरता मरता मुठोबाने पहारेकऱ्याला त्याच्या बायकोचा पत्ता विचारला, आणि ही हसली. नवव्यांदा पहारेकऱ्यालाच रडू कोसळलं. मरणाचे आकडे खरे सांगितले तरी गोष्ट सांगायला जागा उरते, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळतंय म्हणजे बघा. पहिली धरून वीस लढाया झाल्या. सतरा मेले, तीन जगले, त्या तिघांतही एकाचा पहारेकरी स्वतःच्या भाल्याला अडखळला म्हणून.

“पहिल्या रविवारपासून?” सुनेने विचारलं. आवाज राग आवरल्यासारखा होता, पण पेन चालू होतं.

“पहिल्या रविवारपासून,” उत्तर हिने दिलं. “माझा चष्मा लांबचा आहे. जवळचं दिसत नाही मला, डबा त्यांचा नेमका लांब.”

“आई! मग बोलला का नाहीत?”

“बोलायचं काय? खुश होते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ट्रॉलीचंही बोलले नव्हतेच की.”

मी करंगळी टेबलाखाली घेतली आणि परत वर ठेवली. घड्याळवाल्याने विचारलं, “कुठली ट्रॉली?”

“आता चार राहू दे?” सून म्हणाली. “पाच करू? सहा करू? पण मग उघड्या माणसांना तो चुरगाळून टाकेल. घाटावर सगळ्यांचं पीठ.” ती आता माझ्याशी रागावून बोलत नव्हती, मला विचारत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी माझ्या धंद्याचं काहीतरी विचारत होतं. मी टेबलावरून तिचं मनगट मागून घेतलं. “हे मोडलंय समज. बसवायचं तर दोन्ही हातांनी ओढून चालत नाही. एक हात धरतो, एक हात करतो. धरला नाही तर करता येत नाही.” डाव्या हाताने कोपराजवळ धरलं, उजवा मोकळा ठेवला. “तीनच दे. चौथा ठोसा धरण्यात गेला. पण एकदा धरला की तो सांध्यात मारतो, जिथे पत्रा नसतो. चिलखताने प्रत्येक ठोशाला दोन खायचे नाहीत. पूर्ण डावाला मिळून एकदाच.”

“आणि धरल्याची किंमत?”

“धरलंय म्हणजे पळता येत नाही. तोही जवळ आहे, तोही मारणार.”

सून माझ्या पकडीकडे बघत राहिली. मग मनगट सोडवून घेतलं आणि लिहायला लागली. परत वीस लढाया. आता घड्याळवाला फासे पुसून देत होता आणि बायको पहारेकऱ्याच्या बाजूने टाकत होती, कारण तिच्या मते पहारेकऱ्याचंही कुणीतरी हवं. अकरा जगले, नऊ मेले. सुनेने तलवारीचा जुना आकडा काढला: अकरा-नऊ. कुऱ्हाडीचा: बारा-आठ. ती मागे टेकून बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बसलं.” हाड जागेवर गेल्यावर डॉक्टर म्हणायचा, तसंच.

“म्हणजे ती पहिली लढाई,” मी सुचवून पाहिलं, “ती चुकीच्या नियमांनी झाली, तर मुठोबा...”

“मेला तो मेला,” तिघंही एकदम म्हणाले. बरोबर होतं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खेळून बघणाऱ्यांची नोंद असते. सुनेने लिहिलं, तलवार: घड्याळवाला, तेरा वेळा जखमी. कुऱ्हाड: सासूबाई, एकदाही नाही. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. “रिकामे हात: बाबा. किती वेळा मेलात?”

“चाळीस,” मी म्हटलं.

तिने पेन टेकवलं नाही. ती नुसती थांबली, वेळ आहे अशी. जिभेवर आलेले चाळीस फार सुंदर होते, गोल, भरलेले. मी ते गिळले.

“सव्वीस,” मी म्हटलं, आणि तिने सव्वीस लिहिले.